अस्वलं आता ठीक आहेत

रीडिंग, इंग्लंड, गुरुवार, मार्च २००७

सकाळी रेडिओवर बातमी. अमेरिकेतल्या एका जंगलात अस्वलांची संख्या वाढली, म्हणून कायद्याने दिलेलं संरक्षण काढून घेतलं. मी म्हटलं, "चांगलंय की, म्हणजे ती आता ठीक आहेत." माझी सात वर्षांची सई टोस्ट खाताखाता म्हणाली, "पण बाबा, लक्ष ठेवलं म्हणूनच ठीक झाली ना?" मी उगाच ओरडलो, शूज घाल म्हणून.

दिवसभर तेच डोक्यात. आईच्या ऑपरेशननंतर तिला रोज फोन करायचो. ती ठीक झाली, मग फक्त रविवारी. मीच ठरवलं, तिला कुठे विचारलं? शेवटी लंचमध्ये नागपूरला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

"काय झालं रे? आज तर गुरुवार आहे!"