सिद्धू रडली

अण्णा,

रविवारी सिद्धूला कायमची तुझ्याकडे मंद्रूपला नेतो म्हणालास, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तू तिचा बाप, तुला नको कसं म्हणू?

वहिनी गेल्यावर पोरीने दोन वर्षांत नातेवाइकांची चार घरं बदलली. माझ्याकडे आली तेव्हा कुणाही अनोळखी माणसाचा हात धरून निघायची, पण लागलं तरी रडायची नाही. एकाने उपाय सांगितला, ती रडून दमेपर्यंत घट्ट आवळून धरा. मी धरलं, अण्णा. ती नुसती छताकडे बघत राहिली.

मग समुपदेशक निवेदिताताई भेटल्या. "जबरदस्ती नको. रोज ठरल्या वेळी तिच्याशी खेळा, खेळ तिला ठरवू द्या," म्हणाल्या. आठ महिने खेळले.

काल ती गल्लीत पडली. शेजारणी धावल्या, पण सगळ्यांना ओलांडून ती माझ्याकडे आली आणि मोठ्याने रडली. "आत्या, लई दुखतंय की."

हे पत्र पाठवायचा धीर नाही. आवळून धरल्याचं वाचलंस, तर आजच तिला घेऊन जाशील. रविवारी आलास की एवढंच म्हणेन, चार दिवस इथंच राहा आणि संध्याकाळी आमच्यात खेळायला बस.

तुझी,
चंद्रिका