प्रलयानंतरचं ‘जेवला का?’

बुलढाणा, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार

पुतण्याच्या पहिल्या कादंबरीची वही वाचली. प्रलय झालाय, सगळीकडे अंधार, जगात दाणा उरलेला नाही, तरी आई मुलाला पानोपानी विचारते, ‘जेवला का?’ आमची संस्कृत पाठशाळा जागी झाली: पुनरुक्तिदोष! पेपरात बातम्या कापणारा हात माझा. सगळे ‘जेवला का’ तांबड्या पेन्सिलीने खोडले. उद्या तो वही न्यायला येणार.

संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. म्हणाली, “काऊन खोडलं जी? थे माय जेवणाचं नाही इचारत. अंधारात पोरगं ‘हाव’ म्हणते का, थे ऐकते.”

खोडरबर घेऊन बसलो. तांबडं पुरतं जात नाही. प्रत्येक ‘जेवला का’ आता निराळाच ऐकू येतो.

आतून हाक आली, “जेवता का जी?” मुद्दाम गप्प राहिलो. पुन्हा आली, जरा घाईने.

“हाव,” म्हणालो.