पाटल्या शालूच्या आहेत

मी, भागाबाई, मयत लहानू गजभिये यांची पत्नी, वय अंदाजे पंचावन्न, धर्म बौद्ध, मूळची भंडारा जिल्ह्यातली, हल्ली मुक्काम जुनवानी, भिलाईनगराजवळ, जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश, या कागदाने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, डोळ्यांना दिसते, चौथीपर्यंत शिकल्यामुळे स्वतःच्या हाताने लिहिता येते, आणि मला कोणी धाक दाखवलेला नाही. मी रागात आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे. उद्या कोणी कोर्टात उभा राहून “म्हातारीचे डोके ठिकाणावर नव्हते” असे म्हणाला, तर त्याला हे वाक्य वाचून दाखवावे.

कलम पहिले. जुनवानीचे दोन खोल्यांचे घर व मागची वाडी माझ्या नावावर आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा माझे पती खलाशी होते, लोखंडी तुळया दोरखंडांनी वर चढवण्याच्या कामावर. आणि मी रेजा, डोक्यावरून माती-गिट्टी वाहणारी. कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत भाजून निघत आम्ही ही जागा घेतली. माझ्या मागे हे घर माझी सून शालू, विजयकुमारची पत्नी, हिचे होईल. ‘विजयकुमारची पत्नी’ हे फक्त ओळख पटावी म्हणून लिहिले आहे. त्यामुळे घरावर त्याचा हक्क उत्पन्न होत नाही. सेक्टरमधले क्वार्टर कारखान्याचे आहे आणि त्याच्या नोकरीमुळे त्याच्याकडे आहे. त्यात त्याने राहावे.

कलम दुसरे. माझे दागिने, म्हणजे सोन्याच्या दोन पाटल्या, सोन्याची एकदाणी, मोत्यांच्या कुड्या आणि माझ्या आईची चांदीची सरी, हे सर्व शालूचे. तिच्या मागे माझी नात शीला हिचे.

सरीबद्दल लिहिणे भाग आहे. आमच्या गावी आमच्या वस्तीतल्या बाईने अंगावर चांदी घालायची नाही, असा मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, शिरस्ता होता. माझी आई एका लग्नात ही सरी घालून निघाली. वाटेत मालगुजाराच्या माणसाने तिला थांबवले. “काढ थे गळ्यातलं. कोन समजतं तू सोताले?” आईने माझ्यादेखत सरी काढली आणि लुगड्याच्या ओच्यात बांधली. मरेपर्यंत पुन्हा घातली नाही. मी भिलाईला आले, आमचा धर्म बदलला, हाताला मजुरी मिळाली, तेव्हा लहानू म्हणाले, “भागा, आता घाल. पाहू कोन काढतं ते.” मी सरी घालून कामावर जात असे. मुकादम हसायचा. मी हसणाऱ्याकडे पाहत असे आणि तो हसायचा थांबे. पाटल्या आणि एकदाणी आम्ही दोघांनी मिळून केल्या. लहानू काविळीने गेले तेव्हाही मी त्या उतरवल्या नाहीत. विधवेने अंगावर सोने ठेवू नये, असे सांगायला चंपत, माझा धाकटा दीर, सर्वांत आधी आला होता. त्याचा डोळा तेव्हापासून सोन्यावर होता, हे मला उशिरा कळले.

कलम तिसरे. हे सोने शालूलाच का, हे माझ्या मागे कोणी विचारू नये म्हणून घडले ते लिहिते.

चौदा कॅरेटपेक्षा चोख सोन्याचे दागिने घडवायला बंदी करणारा नवा कायदा आला त्या वर्षी मी विजयकुमारच्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि टायफॉइडने दवाखान्यात गेले, तेव्हा दागिने उतरवून डब्यात ठेवले होते. घराची चाबी शालूपाशी होती. चंपत एका माणसाला घेऊन क्वार्टरवर आला. कायद्याने बेकार झालेला कारागीर आहे, घरोघर दागिने उजळून देतो, वैनी बरी होऊन येईल तर सोने चमकताना दिसेल, असे म्हणाला. त्या माणसाने आधी पितळेचा लोटा फुकट चमकवून दाखवला. मग पाटल्या आणि एकदाणी एका पांढऱ्या वाडग्यातल्या पिवळट पाण्यात बुडवल्या, नंतर हळदीच्या गरम पाण्यात घातल्या, कागदात गुंडाळल्या आणि थंड झाल्यावरच उघडा, असे सांगून निघून गेला.

मी घरी येऊन पाटल्या हातात घेतल्या. वेलबुट्टी पुसट झाली होती. हाताला कागद धरल्यासारखे वाटले. दुर्गच्या सोनाराने तराजूत घालून मान हलवली. “बाई, ये तो तेजाब खा गया.” सोने त्या वाडग्यातल्या आम्लात उतरले होते आणि वाडगा तो घेऊन गेला होता.

चंपत माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “वैनी, सोनं झिजतेच. तुमी रोज घालता, रोज घासता. अन् चाबी कोनापाशी होती, थे बी पहा ना. माहेर गरीब हाये तिचं.”

शालू पोरीला कडेवर घेऊन पुढे आली. “आत्याबाई, मी डब्बा उघडला नाही. मी चाय मांडून राहिली होती. यायलेच विचारा.”

मी विजयकुमारला विचारले. माझा मुलगा, कारखान्याच्या ऑफिसात बाबू, इस्त्रीचा शर्ट. तो म्हणाला, “मी ड्यूटीवर होतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने शालूला आणि शीलाला सायकलवर बसवून उतईला तिच्या वडिलांच्या दारात सोडले. सेक्टरभर बोभाटा झाला की गजभियांच्या सुनेने सासूचे सोने विकले. आजारातून उठलेल्या माझ्या तोंडाला चव नव्हती; त्या दिवसांत घरात चूलही धड पेटली नाही.

समोरच्या क्वार्टरमधल्या प्रेमलाबाई एके दिवशी माझ्या अंगणात येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “भागाबाई, त्या दिवशी विजू घरीच होता. ओट्यावर बसला होता. डब्बा त्याच्याच मांडीवर होता, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. तुमच्या घरातलं, मी कावून बोलू म्हनून चुप राह्यली. पन पोरगी चोर झाली ना, मले जेवन जात नाही.”

विजयकुमार ड्यूटीवरून आला तेव्हा मी त्याला ओट्यावरच उभे केले. घरात येऊ दिले नाही. “बोल,” म्हटले. तो खाली पाहून म्हणाला, “काका म्हने, चुप राय, नाही त लोक तुले बुद्धू म्हनतीन. शिकलेला मानूस, अन् फसला.” बुद्धू ठरू नये म्हणून त्याने बायकोला चोर ठरवले होते.

मी बसने उतईला गेले. शालू दारात आली, पाया पडली, पण बसली नाही. “तुमच्यासोबत येतो, आत्याबाई. त्या क्वार्टरात नाही. तिथं मी चोर हावो.” मी तिला जुनवानीला आणले आणि स्वतःही जुनवानीला आले. ती आता बालमंदिरात आया आहे, स्वतःचे आणि पोरीचे बघते, आणि माझेही. विजयकुमार रविवारी येतो. चहा घेतो, पोरीला फिरवतो. झालेल्या गोष्टीचा शब्द काढत नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसते.

कलम चौथे. दागिने देऊन भागत नाही, ते राखावे लागतात. शालूने पुढीलप्रमाणे करावे. सोने कोमट पाण्यात रिठे भिजवून त्या फेसात थोडा वेळ ठेवावे. मऊ जुन्या ब्रशने हलक्या हाताने, नक्षीच्या खाचेत अंगाचा मळ बसतो तिथे, फिरवावे. राख, रांगोळी, लिंबू यांपैकी काहीही लावू नये. धुणे परातीत करावे, मोरीत नव्हे. एकदाणीचा एक मणी निसटला तर मोरी तो परत देत नाही. मलमलच्या फडक्याने टिपून सावलीत वाळवावे. मोत्यांना रिठासुद्धा लावू नये. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे; तेल आणि अत्तर लावून झाल्यावरच कुड्या घालाव्यात. मोती पेटीत ठेवून मरतात, घातल्याने जगतात. चांदी इथल्या हवेत लवकर काळी पडते. सरी कापराच्या वडीसोबत सुती कपड्यात बांधावी, म्हणजे काळवंडणे लांबते. एकदाणीची दोरी दरवर्षी बदलावी. आणि दारावर येऊन कोणी म्हणाला की उजळून देतो, तर त्याला पाणी पाजावे आणि रस्ता दाखवावा. तो नात्यातल्या माणसासोबत आला असेल तर पाणीही पाजू नये.

पाटल्या पातळ झाल्या आहेत. त्या मोडून नव्या करू नयेत. तशाच घालाव्यात, बालमंदिरातही, बाजारातही. कोणी विचारले तर सांगावे कोणामुळे झाल्या.

कलम पाचवे. चंपतला माझ्या मालमत्तेतून काही नाही. तो दागिने उजळणारा माणूस पुढे सापडला नाही. त्यानंतर चंपतच्या घरी रेडिओ आला. तो कसा आला हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे पुरावा नाही म्हणून मी त्याला चोर लिहीत नाही. त्याने पुराव्याशिवाय माझ्या सुनेला तसे म्हटले. आमच्या दोघांत एवढा फरक राहू द्यावा. त्याने माझ्या तिरडीला हात लावू नये.

कलम सहावे. माझ्या तोंडात सोन्याचा कण घालू नये, हळद-कुंकू करू नये. वंदना म्हणावी आणि न्यावे. दागिने मी जिवंत असतानाच शालूच्या अंगावर घालणार आहे, म्हणजे माझ्या अंगावरून काढायची पाळी कोणावर येणार नाही.

कलम सातवे. विजयकुमारला त्याच्या वडिलांचे घड्याळ द्यावे. चालू आहे.

या कागदाप्रमाणे व्यवस्था लावण्याचे काम माझ्या पतीचे मित्र देवीदास मेश्राम, रेल्वे, दुर्ग, यांनी पत्करले आहे.

वरील मजकूर आज सकाळी मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर विजयकुमारने पेन मागितले. “आई, साक्षीदार म्हनून मी सही करतो.” मी म्हटले, “तुही साक्ष मले तवा पाहिजे होती.” त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग शालूकडे वळून, देवीदास आणि प्रेमलाबाई ऐकत असताना, म्हणाला, “डब्बा मी उघडला होता. तू चाय मांडून राहिली होती.” शालूने पोरीला उचलले आणि ती वाडीत गेली.

त्याने हे म्हटले, याची नोंद असावी म्हणून लिहिले. त्यामुळे वरच्या मजकुरातला एक शब्दही मी बदललेला नाही.

सही: भागाबाई लहानू गजभिये

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली:
१. देवीदास मेश्राम
२. प्रेमला, विजयकुमारच्या समोरच्या क्वार्टरमधली

मुक्काम जुनवानी, जिल्हा दुर्ग
दिनांक १३ नोव्हेंबर १९६६