बेसमधली गोधडी

२ एप्रिल
प्रज्ञा बाळंतपणाला आली, केनवडहून. जावई चहा घेऊन लगेच परतले. तिच्या खाटेला जागा हवी म्हणून तिच्या आईने, शोभाने, माझा ड्रमसेट ओसरीत काढायला लावला. कुरकुरलो, पण काढला. भीमजयंतीचे कार्यक्रम तोंडावर, नट-बोल्ट तपासायचेच होते. सेट म्हातारा झालाय, माझ्यासारखा. अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा आणलेला. विलायती, लाल, चकाकणारा. एका बाजूने सोलला एवढंच.

४ एप्रिल
प्रज्ञाने बेसच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, भोकातून हात घातला. "बाबा, हे आजीची गोधडी हाये ना? माह्या बाळाले हेच पायजे."
म्हटलं, दुसरी घे.
शोभा मधेच, "दुसरी कायले? हे तिचीच तं हाये."
खरं आहे. सेट घरी आला तेव्हा प्रज्ञा पाळण्यात. मी बेस वाजवला की दचकून रडायची. माझ्या आईने तिच्याच अंगाखालची गोधडी ओढली, मला बेस उघडायला लावला न् आत कोंबली. "आता बडव किती बडवतं तं." आणि आवाज असा आला की मी वाजवायचाच थांबलो. गोल, कोरडा, छातीत बसणारा. तेव्हापासून ती आतच. आई गेली तरी आतच.
दिली नाही. प्रज्ञा बोलत नाही.

७ एप्रिल
गोधडी काढून प्रयोग. उशी: मेलेला आवाज. पोतं: खरखर. शोभाचं ब्लँकेट: सर्वांत वाईट, वर शिव्या. विलास आला होता तालमीला. आमचा गायक, भीमगीतांची पार्टी त्याचीच. गोधडी काढल्याचं त्याला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "दादा, बेस काहून घुमून राह्यला आज?" बरं वाटलं. गोधडी परत आत.
प्रज्ञाला हे सांगितलं तर, "ड्रमले थंडी वाजून राह्यली का, बाबा?" मायलेकी हसल्या. मी नाही.

९ एप्रिल
वाशीमच्या दवाखान्यात प्रज्ञाला मुलगी झाली. दोघी बऱ्या.
कपडे न्यायला घरी आलो. कोणी काही म्हटलं नव्हतं. पाना घेतला, बेस उघडला, गोधडी काढली. एक कोपरा उंदराने खाल्लेला. धुतली, टिनाच्या छपरावर वाळत टाकली. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा अजून तसाच मऊ. रडलो. लिहून ठेवतो, कोण वाचतंय.

१३ एप्रिल
जऊळक्याला कार्यक्रम. गोधडी नातीच्या अंगाखाली, म्हणून उशी घालून वाजवलं. भिकार. लोक मात्र नाचले, टाळ्या पडल्या, सगळं नेहमीसारखं. कोणाला काही कळलं नाही याचाच जास्त राग आला. विलास तेवढा वळून वळून बघत होता. उतरल्यावर म्हणे, "दादा, गोधडी कधी येते मंग?"
म्हटलं, पोरगी माहेरी आहे तोवर कळ काढ.

१० जून
प्रज्ञा उद्या जाते. नातीसाठी नवी दुलई आणली मी, फुलांची, महागाची. शोभाने माझ्याकडे पाहिलं. प्रज्ञाने दुलईची घडी मोडली, पोरीला तीवर निजवलं. पोरगी किरकिरली, मग झोपली. झोपली म्हणजे झोपलीच. मला वाटलं होतं आनंद होईल.
संध्याकाळी सगळ्या पिशव्या बांधून झाल्या. गोधडी तेवढी बाजेवर, घडी करून ठेवलेली. प्रज्ञाने बांधली नाही. मी उचलली नाही. सकाळची गाडी आहे.