न पेटलेल्या दिव्याबद्दल ताईस

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे धरलेत, तेव्हा सहा अंगांवर भागवून घे.) तुझा डोळा आता कसा आहे? डॉक्टरांनी अजून वाचू दिलं नसेल तर पत्र भावोजींकडून वाचून घे, पण ता. क. आला की त्यांना खोलीबाहेर पाठव आणि तेवढं लेकीकडून वाचून घे. फोनच केला असता, पण तोही आधी तेच उचलतात, म्हणून तुझ्या लेकीच्या हाती पत्र देतोय. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

तू निवृत्त झालीस आणि सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. मी इतिहासाचा माणूस. पण "तुमच्या घरातच विज्ञान आहे," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या, जणू ते रक्तातून येतं. दोन वर्षं मी मुलांच्या एक धडा पुढे राहून दिवस काढतोय (सुट्टीनंतर तर बरोबरीनेच चालतो). अशात शिक्षकांना मदत करणाऱ्या एका केंद्राने शाळेला तासांचे आराखडे, कृतिपत्रिका आणि प्रयोगाच्या सामानाची पेटी दिली, सगळं फुकट. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण या गाईबरोबर दात मोजणारी बाईही आली. केंद्राच्या सल्लागार बाई माझ्या तासाला मागे बसणार आणि त्यांचं मत ऐकून विज्ञान माझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, ते मुख्याध्यापिका शनिवारी ठरवणार. म्हटलं, सुटलो तर सुटलो. तरी आठवडाभर रात्री जागून आराखडा घोकला. तुझी भावजय म्हणाली, लग्नाच्या आठवड्यातसुद्धा तुम्ही इतके जागला नव्हतात.

काल तो तास झाला. बाई मागच्या बाकावर, मांडीवर वही. मी कृतिपत्रिका वाटल्या आणि विचारलं, दिव्यात गेलेल्या विजेचं पुढे काय होतं? एरवी अशा प्रश्नाला वर्ग छताकडे बघतो. काल पंधरा हात वर आले. "दिवा ती संपवून टाकतो," असं एकाने सांगितलं आणि आता तुमची पाळी अशा नजरेने तो माझ्याकडे बघत राहिला. पुढच्या प्रश्नालाही तेच. मी घाम पुसत फळ्याकडे वळलो, तर पहिल्या बाकावरची चष्मेवाली हळूच म्हणाली, "सर, इथे तुम्ही हसायचंय." तिच्या हातातला कागद मी घेऊन पाहिला. मी झेरॉक्सवाल्याला मुलांच्या प्रतीऐवजी शिक्षकांची प्रत दिली होती. मुलांची अपेक्षित चुकीची उत्तरं, त्यावर मी काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे उत्तेजनार्थ हसायचं, सगळं त्यात छापलेलं. मुलं गुणी, चुकायचं तिथे न चुकता चुकत होती. मागे बाईंचं पेन सुरूच होतं. मी हसलो (कागदावर होतं म्हणून).

मग प्रयोग. एका सेलवर एकामागोमाग एक असे दोन दिवे. दोन्ही सारखेच मंद दिसतील, असं कागद म्हणत होता. आमचा एक पेटला आणि दुसरा ठार काळा. (पेटीतला एक दिवा माझ्या हातून फुटला होता. त्या जागी घरच्या जुन्या टॉर्चमधला बसवला होता, आणि हे बाईंना सांगायची हिंमत झाली नव्हती.) "हा दिवा गेलाय," असं सांगून मी मोकळा झालो. तेवढ्यात चष्मेवाली उठली आणि तिने तो काळा दिवा फिरवून बाहेर काढला. पेटलेलाही विझला. काळा परत बसवला, तर दुसरा पुन्हा पेटला. "सर, हा गेलेला नाही. वीज याच्यातूनच जातेय. मग हा पेटत का नाही?"

सगळ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. त्यात काहीच नव्हतं. एकेकाने कागद बाकावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाईंचं पेन थांबलं. ताई, मला फार भीती वाटली. तास संपायला तीन मिनिटं होती, काहीतरी ठोकून देता आलं असतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही. सोमवारी सांगतो." मग घंटा झाली तरी कोणी जाईना. दिव्यांच्या जागा बदलून बघत होते, आणि काळा राहायचा तो तोच.

जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "तो दिवा पेटीतला नाही ना?" मी म्हटलं, "नाही, घरचा आहे." त्यांनी तेही लिहून घेतलं.

तेव्हा विज्ञान गेल्यात जमा आहे. बरंच झालं. इतिहासात निदान झालेली लढाई ऐन तासाला निकाल फिरवत नाही. तू डोळ्याला जप.

तुझा धाकटा

ता. क. भावोजी गेले का बाहेर? तो दिवा का पेटत नाही, ते तुला नक्की माहीत असणार. उत्तर लिहू नकोस. कुठून सुरुवात करायची, तेवढंच लेकीजवळ सांगून पाठव. बाकीचं मला शोधून काढायचंय.

ता. ता. क. मुख्याध्यापिका तुझा शब्द मोडत नाहीत. शनिवारच्या आत त्यांना फोन कर. बरंच झालं वगैरे मी भावोजींसाठी लिहिलंय. मुलांना मी सोमवारी सांगतो म्हणालोय, ताई. सोमवारी त्या वर्गात मी असायला हवा.