गारठलेल्या बोटांचं भाष्य

लासरताई, परमुलखातल्या मठातून तुझ्या फेर्गलचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. डोळ्यांना जरा धूसर दिसतं, म्हणून पोथ्या उतरवायचं माझं काम त्या वाल्डोला दिलंय. अक्षर मोत्यासारखं, डोक्यात भुसा!

स्तोत्रांवरच्या लॅटिन भाष्याची माझी प्रत तो उतरवत होता. गेल्या हिवाळ्यात मी समासात खरडलं होतं, "बोटं गारठली, आई आठवते." ठोंब्यानं तेही भाष्यातच घुसडलं!

काल मठाधिपतींनी त्यावर प्रवचन झोडलं. "आई म्हणजे कोण? साक्षात ख्रिस्तसभा!" सगळी मेंढरं माना डोलावत होती.

मी गप्प बसलो. बोललो असतो, तर गाढवांनी ते वाक्य चामडी पानावरून चाकूनं खरवडून काढलं असतं.

आई बरी आहे ना गं? तिला सांग, पोरानं तिला धर्मग्रंथात नेऊन बसवलंय.