रोज तीन कॅप्सूल

१ जुलै १९९६
बाबांबरोबर रोह्याला स्किनच्या डॉक्टरांकडे. अँटिबायोटिकचा लहान डोस दिला. रोज एक कॅप्सूल, बारा आठवडे, एकही जास्त नको म्हणाले. धीर धर म्हणाले. त्यांच्या तोंडावर एक पिंपल नाही, त्यांचं काय जातंय. बाबांनी चौऱ्याऐंशी कॅप्सूल एकदम घेतल्या.
संकल्प: आरशात दिवसातून एकदाच बघायचं.

२ जुलै
अकरा वेळा बघितलं. मोजायला बघितलं तर चालतं. कपाळ ९, गाल १४, नाक १.

९ जुलै
गणपतीच्या नाटकात हिरो मी. हिरोईन स्पृहा. या तोंडानं तिच्याकडे बघवत नाही, सगळे डायलॉग तिच्या चपलांकडे बघून म्हणतो. नाटक २० सप्टेंबरला. कोर्स संपणार २२ ला. मेलो.

१० जुलै
उरल्या पंचाहत्तर. रोज तीन घेतल्या तर ३ ऑगस्टलाच चेहरा साफ. एवढं साधं गणित डॉक्टरांना सुचलं नाही. घरी सांगायचं नाही.

१७ जुलै
पोटात आग. म्हणजे औषध लागू पडतंय. आईला सांगितलं, वडापाव बाधला. तिनं वडापाव बंद केला.

४ ऑगस्ट
कॅप्सूल संपल्या. कपाळ १२, गाल १९, नाक २. आतले शेवटचे बाहेर पडत असणार.

१२ सप्टेंबर
मोजणं बंद. बाथरूममध्ये रडलो. बाबांना वाटतंय कॅप्सूल अजून चालू आहेत. मागणार कुठल्या तोंडानं? चूक डॉक्टरांची. डोसच लहान.

२० सप्टेंबर, संध्याकाळी ५
उपाय सापडला. काळुरामकाकाच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या अंगाचा रंग अर्धा डबा उरलाय. मूर्तीवर कधी डाग दिसतो का? पातळसा एक हात मारणार.

२१ सप्टेंबर
स्टेजवर आलो. पहिल्या रांगेतली सगुणाआजी शेजारणीला म्हणाली, सोंड तेवढी राह्यली गो. पडदा पडेपर्यंत लोक हसत होते.
काकानं रॉकेलच्या बोळ्यानं तोंड पुसलं. म्हणाला, ह्यो रंग मूर्तीला हाय, कातडीला नाय. तोंड सोलल्यासारखं झालंय.
सकाळी स्पृहा बघायला आली. उद्या रोह्याला प्रयोग आहे, हिरो निलेश करणार, म्हणाली. मग म्हणाली, तीही त्याच डॉक्टरांकडे जाते. जूनपासून रोज एक कॅप्सूल. तालमी सुरू झाल्या तेव्हा तिचे गाल माझ्यापेक्षा खराब होते, मला दिसलेच असतील.
हो म्हणालो.
मला तिच्या चपला आठवतात. निळा पट्टा, डावीकडचा शिवलेला.